मदत हवी आहे: वादळी पावसात दोन पर्जन्यमापकांचे आकडे जुळत नाहीत, नोंद कोणती धरायची?

नमस्कार मंडळी,

पावसाच्या नोंदी ठेवायचा मला जुना नाद आहे. सध्या दोन पर्जन्यमापक वापरतो. एक साधा, 200 चौरस सेंमी तोंडाचा. पाणी आतल्या बाटलीत साठतं, ते मोजपात्राने मोजायचं. त्याची कड जमिनीपासून 30 सेंमी वर आहे. दुसरा स्वयंचलित, टिपिंग बकेटचा: दर 0.2 मिमी पावसाला आतला कप्पा भरून उलटतो आणि एक टिचकी नोंदली जाते. हा वाऱ्याच्या मापकाबरोबर दोन मीटर उंच खांबावर आहे.

रिमझिम पावसात दोघांचं छान जुळतं. बिनसतं ते नेमकं जोरदार वादळात, आणि वर्षानुवर्षं आठवणीत राहतात ती वादळं तीच. मागच्या मोठ्या वादळाचं सांगतो. वारा पार पडला होता, पान हलत नव्हतं. दुपारभर खाली सरकणारी वायुदाबाची रेघ काही मिनिटांत दोन हेक्टापास्कल वर उसळली आणि त्याच क्षणी थंड वाऱ्याचा लोट आला. तापमान 35 वरून 23 अंशांवर. आधी टपोरे विरळ थेंब, मग थोड्या गारा, आणि पाठोपाठ असा पाऊस की खांबाजवळ टिचक्या सुट्या ऐकूच येईनात, नुसता खडखडाट. उघडल्यावर साध्या मापकात 61 मिमी, स्वयंचलितात 47.

एवढ्याने काय बिघडतं, असं मला तरी म्हणवत नाही. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 74 मिमी नोंदले गेले, तेही एकाच मुंबईत. ढग इतका जागा बघून कोसळत असेल तर मधल्या वस्तीत किती पडला ते तिथल्या मापकाशिवाय कोण सांगणार? अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला 1997 च्या जुलैत असाच विषम पाऊस होऊन पूर आला, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी हौशी निरीक्षकांचं कोकोराहस हे जाळं उभं राहिलं. आपला आकडा कुणाच्या कामी यायचा असेल तर तो खात्रीचा हवा.

तर, 14 मिमीच्या फरकात वाऱ्याचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे कसं ओळखायचं? आणि वहीत काय लिहू? एकूण पाऊस साध्याचा धरला तरी मिनिटामिनिटाचा जोर फक्त स्वयंचलितच सांगतो.

प्रतिसाद

आधी यंत्राचा वाटा काढा, तो घरच्या घरी निघतो. स्वयंचलिताच्या तोंडाचा व्यास मोजा. 16 सेंमी असेल तर क्षेत्रफळ साधारण 200 चौरस सेंमी, म्हणजे 200 मिली पाणी बरोबर 10 मिमी, 50 टिचक्या. बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून हे पाणी तासाभरात ठिबकू द्या. टिचक्या 50 च्या आसपास आल्या तर जुळणी ठीक आहे. मग तेवढंच पाणी पाच मिनिटांत सोडा, हा ताशी 120 मिमीचा वेग झाला. आता जितक्या टिचक्या कमी भरतील तितकी यंत्राची गळती. कप्पा उलटत असताना पडणारं पाणी भरलेल्या कप्प्यातच जातं आणि मोजणीतून निसटतं, म्हणून पाऊस जितका जोराचा तितकी तूट जास्त.

उरलेला फरक बहुतेक वाऱ्याचा. मापकाच्या कडेवर वारा उसळी घेतो आणि थेंब तोंडावरून पलीकडे नेतो. उंचावर वारा जास्त, म्हणून तिथे पाऊस कमी सापडतो. खांबावर वारामापक राहू द्या, पर्जन्यमापक खाली आणा. मात्र फरशीवर ठेवू नका, शिंतोडे उडून आत जातात. भिंत किंवा झाड जितकं उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडा. गारांची वेगळी गोष्ट: काही उसळून बाहेर पडतात, काही नरसाळ्यात अडकून सावकाश वितळतात, मग पाऊस थांबल्यावरही टिचक्या येत राहतात.

वहीत एकूण 61 लिहा. स्वयंचलिताची वेळवार नोंद शेजारी मूळ आकड्यांतच ठेवा. सगळ्या आकड्यांना 61 भागिले 47 ने सरसकट गुणू नका. तूट सर्वांत जास्त जोराच्या मिनिटांत झालेली असते, त्यामुळे गुणूनही शिखर बुटकंच राहतं आणि हलकी सर उगाच फुगते.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. सरसकट गुणायचाच बेत होता, तो रद्द. उद्याच बाटलीची चाचणी घेतो. अजून एक अडचण: रात्री सुरू झालेलं वादळ सकाळी साडेआठच्या मोजणीनंतरही चालू राहिलं तर दोन तारखांत तुटतं. ते एकसंध कसं दाखवायचं?

प्रतिसाद

दैनिक नोंद मोडू नका. हवामान विभागाच्या पद्धतीत साडेआठला संपणारे 24 तास मोजणीच्या तारखेला धरतात. सांताक्रूझचे ते 944 मिमी म्हणूनच 27 जुलैच्या खात्यात पडतात. वादळांसाठी वेगळं पान करा: सुरुवात, शेवट, एकूण पाऊस, सर्वांत जोराची 15 मिनिटं, गारा पडल्या का. आणि ज्या जुन्या वादळांचा फक्त स्वयंचलिताचा आकडा आहे, त्यांपुढे "खांबावरचा" एवढं लिहून ठेवा, आकडा बदलू नका.