भोपाळ: पाणी कोणी घातलं, की बाकी सगळं बंद का होतं?

रिअॅक्टरवाला: चौकशीची पद्धत कोणती, त्यावर उत्तर ठरतं. भोपाळच बघा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं, आत सुमारे ४० टन एमआयसी, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन. 'मूळ कारण' शोधायला गेलात की "पाणी कोणी घातलं?" इथेच गाडी रुतते. युनियन कार्बाइड म्हणते घातपात. दुसरी बाजू म्हणते, पाइप धुताना ब्लाइंड, म्हणजे पाणी पुढे जाऊ न देणारी चकती, टाकला नव्हता. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद, सुटलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअरच्या लाइनचा तुकडा काढलेला, वायू धुऊन निकामी करणारा स्क्रबर स्टँडबायवर. पाणी कुठूनही आलेलं असो, यातलं काय बदलतं? म्हणून हॅझॉप (टेबलाभोवती बसून काय काय बिघडू शकतं ते तपासणं) आणि लोपा (संरक्षणाचे थर मोजणं) यांपेक्षा मला सुरक्षा-संशोधक नॅन्सी लेव्हसन यांची स्टॅम्प ही पद्धत पटते. नियंत्रण कोणाकडे होतं आणि कुठे सुटलं, हे ती विचारते.

जुना शिफ्ट इनचार्ज: लोपा तेव्हा नव्हतीच, पण आज लावून बघा. थर स्वतंत्र हवा आणि चालू आहे हे तपासता आलं पाहिजे, हा तिचा नियम. टाकी थंड ठेवणारा कॉम्प्रेसर बंद, तर तो मोजायचाच नाही. उरलं काय? पद्धतीला कशाला नावं ठेवता?

रिअॅक्टरवाला: तीन थर, प्रत्येक दहातून एकदा फसणार, गुणाकार हजारात एक. कागद खूश! इथे कारखाना तोट्यात, खर्चाला कात्री, मग थर सुटेसुटे फसतात होय? ही कात्री तुमच्या कुठल्या रकान्यात?

कोकणी केमिस्ट: स्टॅम्पचे बाण-चौकोन काढायला आमच्याकडे माणूस कुठाय? सहा रिअॅक्टरचा प्लांट. मागच्या हॅझॉपला ऑपरेटरला शेवटच्या दिवशी बोलावलं, तेही सहीपुरतं. तो जाता जाता म्हणाला, "साहेब, तो व्हॉल्व्ह तर दोन वर्षं जाम आहे." शीटवर तोच व्हॉल्व्ह 'संरक्षण' म्हणून लिहिलेला. हे पकडायला नवी पद्धत लागत नाही, त्याला पहिल्या दिवशी बसवा.

जुना शिफ्ट इनचार्ज: हेच म्हणतोय मी. इंग्लंडमधला फ्लिक्सबरोचा केमिकल कारखाना, १९७४: काढलेल्या रिअॅक्टरच्या जागी जोडलेल्या वीस इंची बायपास पाइपचं चित्र वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलं होतं. २८ माणसं गेली. प्लांटमध्ये बदल केला की लेखी तपासणीची फाइल उघडा, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

रिअॅक्टरवाला: आणि फाइल उघडायला नको म्हणणारा वरचा साहेब असेल तर? हॅझॉपच्या टेबलावर त्याची खुर्ची मी अजून पाहिलेली नाही.

कोकणी केमिस्ट: आमचा येतो. चहापर्यंत.