दुसऱ्याच्या लढाईला आपल्या करातून पैसे द्यावेत का?

दर्यावर्दी (रत्नागिरी):
एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने रशियाशी लढणाऱ्या युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज डॉलर ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर केले. विरोधातली सगळी मतं रिपब्लिकनांची, आणि त्याच पक्षाचे १०१ जण बाजूने. पक्षातच उभी फूट! मी त्या ११२ जणांच्या बाजूचा. लोकांनी कर भरायचा आणि हा खर्च कुठवर चालणार ते कोणी सांगायचं नाही? १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या युद्धखर्चासाठी हिंदुस्थानच्या नावावर १० कोटी पौंड टाकले गेले. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी विचारलं होतं?

देवगडकर:
दादा, ही तुलना चुकते. तेव्हा आपल्याला मतच नव्हतं. इथे निवडून आलेल्यांनी उघड मतदान केलंय. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, तेव्हा त्याच्या सीमांचा मान राखू असं अमेरिका, ब्रिटन आणि रशिया तिघांनीही लिहून दिलं. तो शब्द रशियाने मोडल्यावर गप्प बसलं तर उद्या कुठला देश अण्वस्त्रं सोडेल? शिवाय या पैशातला बराचसा अमेरिकेतच खर्च होतो. १५५ मिमीचे तोफगोळे पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनला बनतात.

दर्यावर्दी:
कारखान्याला काम मिळतं म्हणून लढाई चालू द्यायची? माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. आणि शस्त्रं पुरवू असं बुडापेस्टच्या कागदावर कुठेही नाही.

वेंगुर्लेकर:
लढाय खंयय होवंदे, झळ आमका लागता. २०२२ मध्ये युक्रेनचं सूर्यफूल तेल यायचं थांबलं आणि वाण्याकडे डब्याचा भाव चढला, आठवतंय ना? पण मदत रोखली की लढाई थांबते हे मला पटत नाही. हीच मंजुरी कित्येक महिने अडून होती. त्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तोफगोळे कमी पडले आणि पूर्वेकडचं अवदिव्का शहर युक्रेनच्या हातून गेलं. लढाई थांबली का? नाही.

दर्यावर्दी:
अवदिव्काचं खरं आहे. पण पैसे आल्यावर तरी कुठे थांबली? मार्च २०२२ मध्ये मिकोलाईव्ह बंदरात बोटीवर भारतीय खलाशी अडकले होते. आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी बोटीवर असतो. अशा बातमीने आईच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून म्हणतो, पैशाबरोबर तहाची अट घाला.

देवगडकर:
अट घालायची तर जमीन बळकावणाऱ्यावर घाला. पैसे देणाऱ्याने पै-पैचा हिशेब मागावा, त्याबद्दल वाद नाही. पण तह कुठल्या रेषेवर करायचा, ते आधी सांगा. आज रशियाचं सैन्य जिथे उभं आहे तिथे?