शब्दचर्चा : ज्याला मरण नाही त्याला काय म्हणावे?

प्रश्न : मी अमेरिकी लेखक जो हॉल्डमन यांच्या 'कॅमोफ्लाज' (२००४) या विज्ञान कादंबरीवर मराठीत लिहितो आहे. माणसांत मिसळून राहणारे दोन परके जीव, दोघेही रूप बदलणारे, दोघांनाही मरण नाही. लेखक एकाला 'चेंजलिंग' म्हणतो, दुसऱ्याला 'कमिलियन', म्हणजे रंग बदलणारा सरडा. खर्ड्यात मी त्यांना 'अमर परग्रहवासी' म्हटले आणि 'बहुरूपी' व 'सरडा' अशी नावे दिली. वाचताना सगळेच खटकते आहे.

उत्तर : खटकणारच. 'अमर रहे'ची घोषणा आपण गेलेल्या माणसासाठीच देतो. अमरकोशात देवांची नावे 'अमरा निर्जरा' अशी सुरू होतात, म्हणजे मरण नाही आणि म्हातारपणही नाही. दोन्ही सांगणारा 'अजरामर' आहे खरा, पण तो गाण्यांनी आणि नाटकांनी पळवला. 'चिरंजीव' तर नकोच. 'चिरंजीव समुद्रातून बाहेर आले' म्हटले की वाचक विचारेल, कुणाचे? लग्नपत्रिकेने तो शब्द कायमचा नेला. सात चिरंजीवांच्या श्लोकात मात्र 'सप्तैते चिरजीविनः' आहे, अनुस्वाराशिवाय. त्यामुळे 'चिरजीवी' अजून मोकळा आहे. अडचण एवढीच की चिर म्हणजे फार काळ, कायम नव्हे. त्या सातांतल्या अश्वत्थाम्याला महाभारतात शाप आहे तो तीन हजार वर्षे भटकण्याचा. लोकांनी मुदत काढून टाकली आणि त्याला जखमेसाठी तेल मागत दारोदार फिरवले. सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते.

दुसरे उत्तर : 'बहुरूपी'बद्दल. आमच्या गावात बहुरूपी हवालदार होऊन यायचा. खाकी शर्ट, कमरेला पट्टा, पायात मात्र रबरी चप्पल. 'तुमच्यावर वॉरंट आहे, चला' म्हणून आजोबांना दटावायचा, आणि आजोबा हसत हसत आजीला सुपातून जोंधळे आणायला सांगायचे. ओळखला गेला तरच त्याला पसाभर धान्य. तुमच्या जीवाला ओळखले जाणेच परवडणारे नाही. 'मायावी' बघा, मारीच आठवेल, पण चालेल. आणि 'सरडा' आधी काढा हो! शतकानुशतके खून पाडत आलेल्या जीवामागे 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' लागली की भीती गेली.

तिसरे उत्तर : 'परग्रहवासी'सुद्धा चुकतोय. पुणेवासी पुण्यात राहतो. हा पहिला जीव तर १९३१मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माणूस होऊन बाहेर येतो, त्याआधीही पृथ्वीच्याच समुद्रात शार्क वगैरे होऊन राहिलेला. वास त्याचा इथलाच.

प्रश्नकर्ता : पटले. पहिल्याला 'मायावी' करतो, 'कमिलियन' तसाच ठेवतो. वाक्य असे केले : 'तो परग्रहावरून आलेला होता आणि मरत नव्हता.'

पहिले उत्तर देणारा : 'मरत नव्हता' वाचून कुणीतरी त्याला मारत बसले आहे असे वाटते. 'त्याला मरण नव्हते' लिहा.