'मिस पेरेग्रिन' : आधी गोष्ट की आधी छायाचित्रे?

अनुस्वार (चर्चाप्रस्ताव)

रॅन्सम रिग्ज यांची 'मिस पेरेग्रिन्स होम फॉर पिक्युलियर चिल्ड्रन' (२०११) ही कुमारवयीनांसाठीची अद्भुत कादंबरी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली. जुन्या बाजारांतून संग्राहकांनी शोधून काढलेली खरीखुरी छायाचित्रे तिच्यात जागोजागी आहेत. जमिनीपासून वर तरंगणारी मुलगी तर मुखपृष्ठावरच भेटते. माझा आक्षेप असा की ही छायाचित्रे कथेची सोबत करत नाहीत, तिला आपल्यामागे ओढत नेतात. एखाद्या फोटोचे वर्णन होते, पान उलटले की तोच फोटो समोर येतो आणि शब्दांनी नुकते कुठे उभे राहू लागलेले भय तिथेच विरते. कथेचा नायक जेकब वेल्सजवळच्या केर्नहोम बेटावर पोचल्यानंतर तर तिथल्या बालगृहातली काही मुले केवळ त्यांचा फोटो हाताशी होता म्हणून कथेत आली असावीत, असे वाटत राहते.

पानगळ

सहमत नाही. या कादंबरीतून छायाचित्रे काढून टाकली तर कथानकाचा कणाच निघून जाईल. आजोबा एब फोटो दाखवत गोष्टी सांगतात आणि लहानगा जेकब त्यांवर विश्वास ठेवतो. थोडा मोठा झाल्यावर त्याच फोटोंत त्याला डोक्याच्या मागच्या बाजूला रंगवलेला चेहरा दिसतो, ही हातचलाखी आहे असे त्याला वाटते, आणि आजोबांवरचा त्याचा विश्वास उडतो. आपणही तोच फोटो पाहत असतो, त्यामुळे जेकबची शंका ही आपलीही शंका होते. हे वर्णनाने साधले नसते.

शिवाय एब हे बाराव्या वर्षी पोलंडमधून एकटेच ब्रिटनला पाठवले गेलेले ज्यू मूल आहे आणि मागे राहिलेले त्यांचे सारे कुटुंब मारले गेले. त्यांच्या गोष्टींतले राक्षस म्हणजे नाझी, असा अर्थ घरातले लावतात. ज्याच्याजवळ आपल्या माणसांतले कुणीच उरले नाही, त्याने सिगारच्या खोक्यात फोटो जपावेत, यात मला कुठेही ओढाताण दिसत नाही.

जुनी पेटी

तुम्हा दोघांच्या वादात फोटोतली माणसे बाजूलाच राहिली. पुस्तकाच्या शेवटी दहा संग्राहकांचा ऋणनिर्देश आहे, बहुतेक चित्रांत फेरफार केलेले नाहीत हेही सांगितले आहे; पण ज्या मुलांचे चेहरे आपण 'विचित्र' म्हणून पाहतो, त्यांची नावे कुठेच नाहीत. आमच्याकडे आजीच्या बहिणीचा एकच फोटो आहे आणि त्याच्या मागे काहीही लिहिलेले नाही. उद्या तो कुणा परक्याच्या भयकथेत दिसला, तर मला ते सोसणार नाही.

पानगळ

तुमची वेदना समजते. तरीही ज्या फोटोंची नावे आधीच हरवली होती, ते सुट्या फोटोंच्या ढिगाऱ्यात पडून राहण्यापेक्षा कुणीतरी त्यांच्याकडे इतके निरखून पाहिले, हे मला अधिक सन्मानाचे वाटते.

जुनी पेटी

निरखून पाहणे वेगळे आणि त्यांच्यावर परके आयुष्य लादणे वेगळे. सन्मान त्यांना विचारून झाला असता, तर गोष्ट निराळी होती.

अनुस्वार

पानगळ यांचा एबविषयीचा मुद्दा मी मान्य करतो. सुरुवातीच्या भागात फोटो हा पुरावा आहे आणि म्हणूनच तो तिथे शोभतो. ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस पुन्हापुन्हा जगणारी, वय न वाढणारी मुले ही कल्पनाही छायाचित्राच्या स्वभावातूनच आलेली दिसते, आणि ती मला या पुस्तकातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पण जेकब त्या दिवसात शिरून मुलांना प्रत्यक्ष भेटतो, तेव्हा पुराव्याची गरज संपलेली असते. त्यांतल्या एमा या मुलीच्या तळहातावरची आग त्याने स्वतः पाहिलेली असते. त्यानंतरचा प्रत्येक फोटो मला कथेतल्या मुलापासून दूर नेऊन फोटोतल्या अनोळखी मुलाकडे घेऊन जातो, आणि मग 'जुनी पेटी' यांचाच प्रश्न माझ्याही मनात येतो, की हे मूल खरे कोण होते.