मदत हवी आहे: मतदारसंघांचा नकाशा मुद्दाम वाकवलाय हे शेजाऱ्यांना कसं पटवायचं? (नॉर्थ कॅरोलिना)

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोला राहतो. पुढच्या महिन्यात इथल्या लायब्ररीत शेजाऱ्यांची बैठक आहे आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर मी बोलायचं असं ठरलंय. समोर दोन्ही पक्षांचे लोक असतील, त्यामुळे घोषणाबाजीचा उपयोग नाही. कोणालाही तपासून बघता येईल असं काहीतरी हवंय.

पार्श्वभूमी सांगते. २०२० च्या जनगणनेनंतर राज्याला काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या) १४ जागा मिळाल्या. विधिमंडळातल्या रिपब्लिकन बहुमताने आखलेला नकाशा राज्याच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केला. मग २०२२ ची निवडणूक कोर्टाने घालून दिलेल्या नकाशावर झाली आणि निकाल लागला ७-७. इथे न्यायाधीशही निवडून येतात. त्याच निवडणुकीत कोर्टातलं बहुमत बदललं आणि एप्रिल २०२३ मध्ये नव्या कोर्टाने आधीचा निर्णय फिरवला. विधिमंडळाने पुन्हा नकाशा आखला आणि २०२४ मध्ये आकडा झाला रिपब्लिकन १०, डेमोक्रॅट ४. त्याच दिवशी याच मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना आणि गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना निवडलं. म्हणजे राज्य अजिबात एकतर्फी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर आणखी एक नकाशा मंजूर झाला, रिपब्लिकनांसाठी ११ वी जागा डोळ्यापुढे ठेवून.

आमची गिल्फर्ड काउंटी (म्हणजे जिल्हा) २०२२ मध्ये अख्खी एका मतदारसंघात होती. आता तिचे तीन तुकडे झालेत आणि प्रत्येक तुकडा आजूबाजूच्या ग्रामीण भागाला जोडलाय. रस्त्यासाठी, शाळेसाठी एका आवाजात बोलणारं शहर आता तीन प्रतिनिधींकडे विखुरलंय आणि तिघांपैकी एकालाही आमच्या मतांवाचून काही अडत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो.

अडचण अशी की शेजारचे एक आजोबा म्हणतात, "डेमोक्रॅट शहरांत दाटीने राहतात, त्याला नकाशा काय करणार?" यात तथ्य किती? आपोआप झालेलं आणि मुद्दाम केलेलं वेगळं कसं काढायचं? आणि कोर्टाचा रस्ता अजून उघडा आहे का?

प्रतिसाद १

ताई, पहिली गोष्ट म्हणजे वेड्यावाकड्या आकारांच्या मागे लागू नका. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात सॅलमँडरसारखा दिसणारा मतदारसंघ गाजला, तेव्हापासून सगळे आकाराकडेच बघतात. पण सुबक, सरळ रेषांनीही तेच काम होतं. मतं कुठे कोंबली आणि कुठे फोडली ते दाखवा. तुमच्याकडे रॅले, डरहॅम आणि शार्लटमध्ये डेमोक्रॅट मतं कोंबून तिथल्या जागा प्रचंड मताधिक्याने जिंकू दिल्या, म्हणजे जादाची मतं वायाच. ग्रीन्सबरोत उलट केलं, मतं फोडून टाकली. या दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर शेजारी शेजारी दिसतात.

प्रतिसाद २

आजोबांना उडवून लावू नका, त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये साधारण एक तृतीयांश लोक रिपब्लिकनांना मत देतात, पण काँग्रेसच्या ९ पैकी एकही जागा त्यांना मिळत नाही. ते मतदार राज्यभर इतके सारखे पसरलेत की त्यांचं बहुमत असलेला मतदारसंघ आखणंच महाकठीण. त्यामुळे मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी जुळत नाही एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही.

मग सिद्ध कशाने होते? ड्यूक विद्यापीठाचे गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली यांनी तुमच्याच राज्याच्या २०१६ च्या नकाशाबाबत हे करून दाखवलं. लोकसंख्या समान, मतदारसंघ सलग, काउंटी शक्यतो न फोडता, असे नियम देऊन संगणकाकडून २४ हजारांहून जास्त नकाशे काढून घेतले. पक्षाचा विचार कुठेच नाही. लोक जिथे राहतात तिथेच राहतात, म्हणजे दाटीवस्तीचा मुद्दा त्यात आपोआप धरला गेला. तरी रिपब्लिकनांच्या बाजूने १०-३ असा निकाल (तेव्हा जागा १३ होत्या) १ टक्क्याहून कमी नकाशांत आला. आजोबांच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर नाही. आणि हेतूबद्दल तर वादच नव्हता. समितीचे सहअध्यक्ष डेव्हिड लुईस यांनी तेव्हा उघड सांगितलं होतं की १०-३ आखू, कारण ११-२ शक्य वाटत नाही.

प्रतिसाद ३

कोर्टाबद्दल. वरचाच नकाशा रूचो खटल्यात २०१९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे गेला. ५-४ बहुमताने ठरलं की पक्षीय जेरीमँडरिंगचा (पक्षाच्या फायद्यासाठी सीमा वाकवण्याचा) निवाडा संघीय न्यायालयं करू शकत नाहीत. न्या. केगन यांचं विरोधी मत जरूर वाचा, सोप्या भाषेत आहे. राज्याच्या कोर्टाचं दार २०२३ ला बंद झालं. मिशिगनच्या नागरिकांनी २०१८ मध्ये सह्या गोळा करून, मतदान घेऊन नकाशा आखणारा स्वतंत्र आयोग आणला, पण नॉर्थ कॅरोलिनात नागरिकांना तसा प्रस्ताव मांडण्याची सोयच नाही. गव्हर्नरलाही या नकाशांवर नकाराधिकार नाही. उरतात दोनच निवडणुका: विधिमंडळाची आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाची. कोर्टाच्या निवडणुकीकडे लोक फार कमी लक्ष देतात, बैठकीत ती आवर्जून सांगा.

आणि इलिनॉयचं उदाहरण तुम्हीच आधी द्या. तिथे डेमोक्रॅटांनी आखलेल्या नकाशावर निकाल त्यांच्या बाजूने १४-३ लागतो. २०२५ मध्ये टेक्ससच्या रिपब्लिकनांनी दशकाच्या मध्येच नकाशा बदलला, त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटांनी तिथल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवायला मतदारांची मंजुरी घेतली. हे लपवलंत तर समोरचे अर्धे लोक ऐकणार नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. इलिनॉयने सुरुवात करते आणि मग गिल्फर्डचे २०२२ आणि २०२४ चे नकाशे शेजारी ठेवते.

एक मदत अजून हवी आहे. राज्याचं निवडणूक मंडळ मतदान केंद्रनिहाय निकाल प्रसिद्ध करतं. आमच्या काउंटीची ती आकडेवारी तिन्ही तुकड्यांच्या सीमांवर रंगवून देणारं कोणी आहे का? मला नकाशाचं सॉफ्टवेअर येत नाही. फाइल्स उतरवून ठेवल्या आहेत, व्यनि केलात तर लगेच पाठवते.