हॉयझिंगरला 'निष्कलंक' म्हणणाऱ्यांसाठी

घाटमाथा

परवा इथं एकानं आडोल्फ हॉयझिंगर या जर्मन जनरलवर पोस्ट टाकली. "कैसर, वायमार प्रजासत्ताक, हिटलर, बॉनचं पश्चिम जर्मन सरकार. चार राजवटी पाहिल्या, पण वर्दीवर डाग नाही. राजकारणापासून लांब राहिलेला निष्कलंक सैनिक." खाली सलामांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

हा माणूस ऑक्टोबर 1940 पासून जर्मन भूदलाच्या मुख्यालयात ऑपरेशन्स विभागाचा प्रमुख. रशियावरच्या स्वारीची आखणी त्याच्या टेबलावरून गेली. आघाडीच्या मागं काय चाललंय हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणता? डिसेंबर 1945 मध्ये कैदेत असताना त्यानंच न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यासाठी लिहून दिलंय, की पार्टिझानांच्या, म्हणजे आघाडीमागच्या गनिमांच्या, बंदोबस्ताच्या नावाखाली स्लाव आणि ज्यू कमी करायची संधी वरच्यांना आयती मिळाली. पुढं म्हणतो, या क्रूर पद्धती मला लष्करी वेडेपणा वाटायच्या, कारण त्यानं लढाई उगाच अवघड व्हायची. वेडेपणा! गुन्हा हा शब्द त्या ठिकाणी त्याला सुचला नाही. मला झोंबतं ते हेच.

20 जुलै 1944 चा प्रसंग बघा, हिटलरला बॉम्बनं मारायचा अधिकाऱ्यांचा कट. रास्टेनबुर्गजवळ हिटलरच्या मुख्यालयातली लाकडी बराक, दुपारचे पावणेएक. पूर्व आघाडीची परिस्थिती हिटलरला वाचून दाखवत होता तो हाच. शेजारी त्याचाच हाताखालचा कर्नल ब्रांट. टेबलाखालची बॉम्बची बॅग पायात येते म्हणून ब्रांटनंच ती टेबलाच्या जाड पायाच्या पलीकडं सरकवली, असं मानतात. ब्रांटचा पाय गेला, दोन दिवसांत तो मेला. हिटलर वाचला. हॉयझिंगर जखमी झाला, गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, उचलला, काही महिन्यांनी सोडला. मग माजी जनरल गेलेनची हेरसंघटना, 12 नोव्हेंबर 1955 ला श्पायडेल या दुसऱ्या जुन्या जनरलसोबत पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याचे पहिले दोन लेफ्टनंट जनरल, 1957 ला पहिला जनरल इन्स्पेक्टर, म्हणजे सैन्यातला सर्वात वरचा अधिकारी, 1961 ला थेट वॉशिंग्टनला नाटोच्या लष्करी समितीचा अध्यक्ष. त्या टेबलापासून या खुर्चीपर्यंत सतरा वर्षं.

सुभेदार (नि.), सातारा

अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, म्हणून बोलतो. स्टाफवरचा माणूस आदेश लिहितो, धोरण ठरवत नाही. तुम्ही त्याच्या जागी काय केलं असतं? राजीनामा? चालू लढाईत?

आणि दुसरं. 1950 ला कोरिया पेटला, रशियाचे रणगाडे एल्बे नदीपाशी. पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर आडेनॉवरनं सैन्य कुणाकडून उभं करून घ्यायचं, शाळामास्तरांकडून? पूर्व जर्मनीनं तरी काय केलं? त्यांचा पहिला चीफ ऑफ स्टाफ व्हिन्त्सेंत्स म्युलर, हा पण हिटलरचाच लेफ्टनंट जनरल, 1944 ला मिन्स्कजवळ पकडलेला. 1961 ला हॉयझिंगरला आमच्या ताब्यात द्या म्हणून ओरडणाऱ्या रशियाला तो चालला. यावर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत.

घाटमाथा

म्युलरचा मुद्दा मान्य, लिहायला हवा होता. पण त्यानं हॉयझिंगर धुतला जात नाही, दोघंही मळलेले ठरतात.

राजीनाम्याचं म्हणाल तर लुडविग बेक 1938 ला जर्मन भूदलाचा चीफ ऑफ जनरल स्टाफ असताना पद सोडून गेला, चेकोस्लोव्हाकियावरच्या युद्धाला विरोध म्हणून. त्याच बॉम्बच्या कटात सामील होता, 20 जुलैच्या रात्री मेला. रस्ता होता, साहेब. महाग होता.

वेणू_कोल्हापूर

मला यात वेगळंच दुखतं. हिटलरच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस नव्या देशाचा पहिला जनरल होतो, आणि आमच्या आजोबांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात दार बंद!

आजोबा फेब्रुवारी 1942 ला सिंगापूरला कैद झाले, मग आझाद हिंदमध्ये गेले. परत आल्यावर इंग्रजांनी पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी केली. आजोबा काळ्यात, म्हणजे सगळ्यात कट्टर. मागचा पगार जप्त, बडतर्फ. 1947 नंतर तरी बोलावणं येईल म्हणून वर्दी इस्त्री करून ट्रंकेत ठेवली होती. आजी दर दिवाळीला ती उन्हात घालायची. बोलावणं आलंच नाही. स्वातंत्र्यसैनिक पेन्शन 1972 ला सुरू झाली, तेव्हा एका कचेरीनं त्यांना सात खेटे घालायला लावले.

तळेगावकर

ताई, आजोबांबद्दल आदर आहे, पण थांबा. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. बावीस वर्षांचा माणगावचा पोरगा. एकटा जर्मन मशीनगनवर धावला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक उलटी धरून सोट्यासारखी चालवली. त्या बॉम्बच्या बरोब्बर दहा दिवस आधी! ही माणसं शपथेला धरून राहिली. ती गुलाम होती का? दर वेळी आझाद हिंदचा विषय निघाला की आमच्या घरच्यांना इंग्रजांचे भाडोत्री ठरवता.

वेणू_कोल्हापूर

मी 'भाडोत्री' शब्द वापरलेला नाही. तुम्हीच आणलात.

तळेगावकर

शब्द नसेल, सूर तोच आहे. आणि आझाद हिंदची दुसरी बाजूही सांगा. 1944 ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर 950 क्रमांकाची भारतीय रेजिमेंट होती, अंगावर जर्मन वर्दी. म्हणजे तुमची माणसं हॉयझिंगरच्याच बाजूला!

वेणू_कोल्हापूर

ती युरोपातली लीजन, माझे आजोबा मलायात. एकाच माळेत ओवू नका. आणि ते कुणाच्या बाजूला नव्हते, ते आपल्या बाजूला होते. पस्तीस वर्षं त्या माणसाला गावात "फितूर" म्हणालेलं ऐकलंय मी. तुमच्याकडून पुन्हा ऐकायचं नाहीये.

सुभेदार (नि.), सातारा

दोघंही आवाज खाली करा. आमच्या पलटणीत घाडग्यांचं नाव घेतलं की माणूस सरळ उभा राहायचा. आणि आझाद हिंदवाल्यांना परत घेतलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. शिस्तीचा प्रश्न होता हेही कळतं. दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकत्र राहतात.

कोलोनकर

मूळ विषयावर येतो. चौदा वर्षं इथं जर्मनीत आहे. नव्या सैन्यात कर्नल आणि वरच्या हुद्द्यांसाठी 38 जणांची चाळणी समिती होती, सगळे आत गेले नाहीत. 1956 च्या सैनिक कायद्यात 11 वं कलम आहे: ज्या आदेशानं गुन्हा घडेल तो पाळायचा नाही. पाळला तर चालेल असं नाही, पाळायचाच नाही. आणि 1959 ला, जनरल इन्स्पेक्टर असताना हॉयझिंगरनंच 20 जुलैवाल्यांचा गौरव करणारा दैनिक आदेश काढला. तेव्हा बरेच जुने अधिकारी त्यांना शपथ मोडणारे गद्दार समजत होते. ते सोपं नव्हतं.

घाटमाथा

1959 चा आदेश मला माहीत होता, मुद्दाम टाळला, ही माझी चूक. त्या एका कागदासाठी त्याला मानतो. निष्कलंक तरीही म्हणणार नाही. हे 11 वं कलम 1941 ला त्याच्या टेबलावर असतं तर त्यानं काय केलं असतं, याचं उत्तर मला त्याच्या 1945 च्या जबाबात मिळत नाही.

सुभेदार (नि.), सातारा

हे कलम आम्हाला कुणी शिकवताना एवढं ठासून सांगितलं नव्हतं. बेकचंही पटलं. पण चालू लढाईतल्या राजीनाम्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

तळेगावकर

वेणूताई, मघाशी जास्त बोललो. आजोबांचा बडतर्फीचा कागद आहे का अजून?

वेणू_कोल्हापूर

आहे. वर्दीच्या घडीतच ठेवलाय. मे महिन्यात गावी गेले की ट्रंक उघडेन.