अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात चौघांना जवळजवळ सीट कशा मिळतील?

प्रश्न: बेसिक (सर्वात स्वस्त) तिकीट, मुलं ४ आणि ९ वर्षांची. ‘आधी चढा, हवी ती सीट धरा’ अजून चालतं का?

– नाही. २७ जानेवारी २०२६पासून सीट ठरवून मिळते. पूर्वी सहा वर्षांपर्यंतचं मूल असलं की चढणाऱ्यांच्या ए गटानंतर, बी गटाआधी चढून एकत्र बसता यायचं. आता चढण्याच्या क्रमाने काही ठरत नाही. बेसिकमध्ये चेक-इनला सिस्टीमच सीट देते; ‘चॉइस’ भाड्यात बुकिंगलाच निवडता येते.

– चौघं एकाच बुकिंगवर घ्या. त्यांच्या बोइंग ७३७ विमानात ३-३ची रांग: तिघं एकीकडे, चौथा पलीकडच्या आइलला (वाटेलगतच्या सीटवर). एक्झिट रो (आपत्कालीन दाराजवळची रांग) सोडा, तिथे १५ वर्षांखालचे चालत नाहीत.

– तरी फाटाफूट झालीच तर बोर्डिंगआधी गेटवर सांगा. आत अदलाबदल करताना आइलच्या बदल्यात आइलच द्या. मधल्या सीटसाठी विंडो कोण सोडतंय!